भिवाजीच्या खुंटाखालची माती

कोपर, ता. ११ जून १९८९

कान्हादादा,

नमस्कार वगैरे मागाहून. आधी हे पत्र फाडू नकोस. आधीची दोन तू न वाचता फाडलीस, हे पोपटने येऊन मला हसत हसत सांगितलं, मेल्याने. तो दर आठवड्याला तुझ्याकडे करंजाला सुकी मासळी आणायला येतोच, म्हणून हे तिसरंही त्याच्याच हातून देतेय आणि त्याला बजावलंय, दादा शेवटपर्यंत वाचत नाही तोवर समोरून हलायचं नाही.

बाबांचा उजवा खांदा धरलाय. वल्हं मारवत नाही, पण कबूल करत नाहीत. आई ठीक. तू घर सोडून गेलास त्याला आठ महिने झाले, अजून जेवायला बसताना तुझं ताट मांडते आणि आमची जेवणं झाली की उचलून ठेवते. कुणी बघितलं तर "सवयीनं मांडला गं" म्हणते.

बातमी अशी की माझं पीएच.डी.ला नाव लागलं. तू विचारणार नाहीस, तरी सांगते. जंतूंकडून काम करून घ्यायचं शास्त्र आहे हे. दही लावतात तेही जंतू, दारू करतात तेही जंतू. मला त्यांना कारखान्याचं घाण पाणी साफ करायला लावायचंय. ठाण्याच्या कॉलेजातले डॉक्टर हरिहर माझे गाईड. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, डोकं आहे तुला. पण काचसामान, रसायनं, तीन वर्षांचं पोट, हे डोक्यातून येत नाही. आधी कुणाचा तरी आधार बघ, मग ये." सरकारी शिष्यवृत्तीची परीक्षा मी दिलेली. पास झाले, पण नुसती शिकवायला लायक म्हणून. पैसे मिळणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं.

म्हणून आधार कंपनीचा घेतला. हो, तीच रंगाची कंपनी, जिचा नाला आपल्या खाडीत येतो. अर्धा पगार, अर्धा दिवस कॉलेजची सुट्टी, आणि सामानाचा खर्च त्यांचा. आता फाड हवं तर.

पण फाडण्याआधी एक ऐक. खाडीत मासे मरून वर आले तेव्हा नाल्याच्या तोंडाशी तूच बाटली भरलीस, तूच ती ठाण्याच्या प्रदूषणाच्या कचेरीत नेलीस. कचेरीने अर्धं पाणी कंपनीला तपासायला दिलं, आणि वागळे इस्टेटच्या लॅबमध्ये ते माझ्याच टेबलावर आलं. नोकरीच ती माझी. पाण्यात हळद-कुंकू होतं, दादा. सूक्ष्मदर्शकाखाली हळदीचे दाणे मी डोळ्यांनी बघितले. जे होतं ते लिहिलं. सुनावणीत आमच्या साहेबांनी उभं राहून वाचलं, "तक्रारदारांनी पाणी लाल दिसावं म्हणून कुंकू कालवलं," आणि सगळं ऑफिस हसलं. तुझी मान खाली गेलेली मी बघितली. नंतर जिन्यावर तू मला म्हणालास, "तू आमची नाय राहिलीस."

ते कुंकू बाटलीत कुठून आलं ते मला माहीत नाही. देवाशप्पथ.

माझं म्हणणं एवढंच आहे. ही तीन वर्षं हातची गेली तर मी जन्मभर रंगाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसेन. आईने डोक्यावर पाटी घेऊन मला एम.एस्सी. केलं ते काय चिठ्ठ्या चिकटवायला?

तुझी,
नंदा


कोपर, ता. ४ मार्च १९९०

दादा,

बोंबील पोचले. चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसतं गाठोडं. पोपट म्हणाला, "त्याने दिले, बोलला काय नाय." आईने गाठोडं सोडलं, वास घेतला आणि तिथेच बसून रडली. तू असा मुका राहणार असशील तर पुढच्या वेळी निदान जवळ्याहून बारीक तो कोलीम पाठव, मला आवडतो.

आज मला कुणाला तरी सांगायचंय आणि घरात ऐकणारं कुणी नाही. बाबा ऐकतात, पण मधेच झोपतात.

गेल्या पावसाळ्यानंतर मी बाबांना म्हटलं, मला खुंटाखालची माती हवीय. भिवाजी आजोबांनी रोवलेला तो खुंट, जाळं बांधायचा, ज्याला सगळी खाडी भिवाजीचा खुंट म्हणते. नाल्याचं पाणी ओहोटीला तिथूनच खाली जातं ना, म्हणून तीच माती हवी होती. बाबा खांदा धरून मला घेऊन गेले. उधाणाची ओहोटी बघून गेले, त्यामुळे खुंटाचं बूड उघडं पडलेलं. माती कसली, काळा लोणीगोळाच. वास असा की आईने बरण्या चार दिवस घरात घेऊ दिल्या नाहीत. "मोरीत पन नको, देव बाटतील," म्हणाली.

मग कॉलेजात मी ताटल्या केल्या. काचेच्या छोट्या ताटल्या, त्यात जंतूंचं खाणं घट्ट करून ओततात. त्या खाण्यात मी कंपनीचाच लाल रंग मिसळला. सगळ्या ताटल्या लालभडक. त्यावर मातीचं पाणी पसरलं आणि झाकून ठेवलं. रंग खाणारा कुणी असला तर त्याच्याभोवतीचा लाल जाईल, असा हिशोब. एकदा केलं, काही नाही. दहादा केलं, काही नाही. हरिहर सर म्हणाले, "सोड हा नाद, दुसरा विषय देतो." मी नाही सोडला. आपल्याकडे जाळं रिकामं आलं म्हणून कुणी जाळं टाकायचं सोडतं का?

परवा एका ताटलीवर पांढरा डाग. मधोमध जंतूंचा ठिपका आणि भोवती सगळा लाल रंग गेलेला. मी जोरात ओरडले. झाडणाऱ्या बायजाबाई धावत आल्या, "काय गं, साप निघाला क?" मी त्यांना मिठी मारली. त्यांना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या.

सरांना दाखवलं. चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "नंदा, हा रंग निसर्गात कुठे नाही. तो कारखान्यातच होतो. हा खायला जंतूला शिकावं लागतं, आणि एका महिन्यात कुणी शिकत नाही. हा जंतू वर्षानुवर्षं याच रंगावर जगतोय. कुठली म्हणालीस माती?"

मी म्हटलं, आमच्या खुंटाखालची.

मला आधी इतका आनंद झालेला, आणि मग मी ताटलीवर झाकण घातलं. कळतंय का तुला दादा? तुझ्या बाटलीने जे सिद्ध झालं नाही, ते हा ठिपका सिद्ध करतो. आणि त्याचं खाणंपिणं कंपनीच्या पैशातून चाललंय, आणि तो कंपनीच्याच फ्रिजमध्ये आहे. कॉलेजचा फ्रिज सारखा बंद पडतो, म्हणून मीच शहाणीने तिथे ठेवला.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "म्हंजे मासे मेले आनि ह्यो जगला?" आणि कूस बदलली.

नंदा


कोपर, ता. १८ नोव्हेंबर १९९०

दादा,

तू एकही पत्र लिहिलं नाहीस, हे एका परीने बरंच झालं. आज जे लिहितेय ते तुझं उत्तर हातात असतं तर लिहायची छाती झाली नसती.

गेल्या सोमवारी सहदेव साहेबांनी बोलावलं. तेच, सुनावणीत उभे राहिलेले. चहा मागवला, बिस्किटं मागवली. मला वाटलं, आता हा माणूस माझं लग्न ठरवतो की काय. म्हणाले, "नंदा, फार छान काम. कंपनीचं नाव होईल. मोठे साहेब खूश आहेत, पुढची दोन वर्षं बघायला नको. फक्त एक बारीक दुरुस्ती." आणि कागद पुढे केला. प्रबंधात माती कुठली लिहायचं, तर "कंपनीच्या आवारातील बागेची". खाली माझ्या सहीची जागा.

मी म्हटलं, साहेब, बागेत तर क्रोटन लावलेत.

ते हसले नाहीत. म्हणाले, "वर्षअखेरपर्यंत विचार कर. सही नसेल तर पैसे थांबतील. नोकरीचंही मग बघावं लागेल."

मी कागद घरी आणला. पिठाच्या डब्याखाली ठेवलाय. रोज बाहेर काढते, परत ठेवते. आई विचारते, "कनचा कागूद गं?" मी म्हणते कॉलेजचा. सही केली तर डॉक्टर नंदा. नाही केली तर घरी बस, बाबांच्या खांद्याला तेल चोळ. सत्ताविसावं संपलं मला. इतकं शिकलेली मुलगी आपल्यात कुणी करत नाही, आणि इतकी शिकून बिनकामाची तर नाहीच नाही.

खरं सांगू? पहिले चार दिवस मी सही करणारच होते.

मग तुझी मान आठवली. दादा, तुला मी एक गोष्ट सांगितलेली नाही. त्या तपासणीत मी दोन ओळी लिहिलेल्या. पहिली ओळ: पाण्यात हळद-कुंकवाचे कण आढळले. दुसरी ओळ: त्याशिवाय, कंपनी बनवते तोच लाल रंग आढळला, भरपूर. भरपूर हा शब्द मीच लिहिलेला. साहेबांनी सुनावणीत पहिली ओळ वाचली आणि कागद मिटला. मी दुसऱ्या रांगेत बसलेले. त्यांनी मागे वळून एकदा माझ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं. मी उठले नाही. "साहेब, खालची ओळ राहिली," एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. आणि मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. महिन्याभराने पीएच.डी.च्या खर्चाचं मंजुरीपत्र माझ्या टेबलावर आलं. मागितलेलंही नव्हतं मी.

तेव्हा जिन्यावर तू बोललास ते खोटं नव्हतं. आठ ओळींच्या शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण कागदावर लिहून पाठव, मला ठेवायच्या आहेत.

नंदा


कोपर, ता. २७ जानेवारी १९९१

दादा,

नाही केली सही. विद्यापीठात कामाचा गोषवारा द्यायचा होता, त्यात स्पष्ट लिहिलं: मातीचे ठिकाण, कोपरची खाडी, भिवाजीचा खुंट, नाल्याच्या मुखाखाली. हरिहर सरांनी वाचलं, पेन खिशातून काढलं, परत ठेवलं, परत काढलं आणि खाली सही केली. म्हणाले, "बाई, माझ्याही निवृत्तीला चार वर्षं आहेत गं." पण केली.

दुसऱ्या आठवड्यात कंपनीचं पत्र. खर्च बंद, काम बंद. मी फ्रिजमधला माझा जंतू घ्यायला गेले तर दाराला कुलूप. वॉचमन ओळखीचा, खाली बघून म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव काढायला सांगितलंय." वर्षभराचं काम त्या फ्रिजमध्ये, एका बोटाएवढ्या नळीत. मी वागळे इस्टेटच्या रस्त्यावर भर दुपारी मोठ्याने रडले. लोक बघत होते, बघू देत.

आता एकच दार उरलंय. दिल्लीच्या सरकारी खात्याची शिष्यवृत्ती. अर्ज गेलाय, वीस मार्चला मुलाखत आहे. सर म्हणतात, "जंतू हातात असेल तर देतील. नुसत्या गोष्टीला कोण पैसे देतं?" म्हणजे तो परत शोधायचा, त्याच मातीतून, आणि शिमग्याच्या आत माती हातात हवी. बाबांचा उजवा हात तर आता वरच होत नाही. म्हणून गुरुवारी तिथीबिथी न बघता मी गुणाजीकाकांना घेऊन त्यांच्या होडीने निघाले. आई म्हणाली, "मी येतंय. खाडीत एकली पोर नाय जायची."

आता नीट वाच. हे तुलाच सांगतेय, दुसऱ्या कुणाला नाही.

खुंटाशी पोचलो. मी उकळून आणलेली बाटली उघडली, हात पाण्यात घालणार, तर आईने कमरेचा करंडा काढला. चिमटीत हळद-कुंकू घेतलं आणि बाटलीत सोडायला हात पुढे केला. मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, "आत नको गं आई. लावायचं तर बाहेरून लाव."

ती म्हणाली, "कनाला? तवा तं आतच टाकलेलं. कान्हा कचेरीत बाटली नेत होता ना, तवा. देवापाशी ठेवलेली, बूच काढून एवढीशी चिमूट टाकली. खाडी आपल्यासाठी सायबापुढं चालली, तिला रिकामी कशी धाडू?"

बोलता बोलता थांबली. गुणाजीकाकांनी वल्हं थांबवलं. आईला अक्षर वाचता येत नसलं तरी माझं तोंड वाचता येतं, दादा.

"म्हंजे मीच क?" म्हणाली.

मी म्हटलं, नाही गं. पण उशीर झालेला. तिने करंडा बंद केला, हात पाण्यात बुडवून पुसला आणि घरी येईपर्यंत पाठ करून बसली.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हळदीचे दाणे दिसले त्याच क्षणी मला तिची चिमूट दिसली. नारळी पुनवेला ती खाडीला वाहते, नवं जाळं पाण्यात जाण्याआधी वाहते, हे तुला मी सांगायला हवं का? तू न फाडलेल्या पहिल्या पत्रात देवाची शपथ घेऊन तुला खोटं लिहिलं, कारण तुला कळलं असतं तर तू रागाच्या भरात तिला बोलला असतास, आणि ती मोडून पडली असती. त्यापेक्षा तुझ्या डोक्यात मीच वाईट राहू दे म्हटलं. आणि त्यात काही मोठेपणा नव्हता रे. खालची ओळ गिळलेली मीच ना, मग वरच्या ओळीचाही दोष अंगावर घेतला, एवढंच.

त्या दिवसापासून ती तुझं ताट मांडत नाही. मी मांडायला गेले तर हातातून काढून घेतलं. म्हणाली, "कंच्या तोंडानं मांडू?"

आणि माती मिळालीच नाही. पाणी ओसरलंच नाही पुरेसं, खुंटाचं बूड पाण्याखालीच. गुणाजीकाका वरवरची माती ओरबाडत राहिले, त्या मातीच्या ताटल्यांवर एकही पांढरा डाग नाही. ती खालची काळी माती कुठल्या ओहोटीला उघडी पडते, किती खाली हात घालायचा, ते बाबांना आणि तुलाच ठाऊक. बाबा सांगतात ते काकांना कळत नाही.

ये, दादा. माझ्यासाठी नको येऊस. माझं मी बघेन, शिकवण्या घेईन, काहीतरी करेन. पण ती माती तुझ्या हातची असू दे. पहिली बाटली तूच भरलेलीस. आणि आलास तर आईला त्या बाटलीबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. बोललास तर मीच तुला खाडीत ढकलेन.

नंदा


कोपर, ता. ११ फेब्रुवारी १९९१

दादा,

कार्ड मिळालं. अडीच वर्षांत पहिलं अक्षर, आणि तेही काय, "अष्टमीला कोन गाढव खुंटावर जातो? पानी हालत नाय तवा. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीला येतो. गुणाजीकाकाला होडी धुवून ठेवायला सांग." खाली नाव नाही, आशीर्वाद नाही. गाढव मात्र आहे. मी ते कार्ड चार वेळा वाचलं आणि गुणाजीकाकांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "गाढव मला बोलला क तुला?"

बाबांना सांगितलं. उठून बसले आणि म्हणाले, खुंटाच्या उगवतीच्या अंगाला, कोपरापर्यंत हात घालायचा, तिथे माती गार लागते. मला वाटलं तुलाच ठाऊक असेल. तरी लिहिते, त्यांना सांगायचं होतं.

दिल्लीला काय होईल ते मला माहीत नाही. हरिहर सर म्हणतात, शंभर अर्ज आहेत, जागा पाच. कंपनीने विद्यापीठालाही पत्र टाकलंय, जंतू आमचा आहे म्हणून. म्हणजे तुझ्या हातच्या मातीतून परत निघाला तरी भांडण आहेच. आणि निघालाच नाही तर सगळंच संपलं. मला भीती वाटते, दादा. हे मी इथे कुणाला सांगत नाही.

सहा बाटल्या उकळून, बुचं लावून, फडक्यात बांधून ठेवल्यात. काल आई त्यांच्यापाशी बराच वेळ बसलेली. करंडा मांडीवर, हात मात्र लावला नाही. मी म्हटलं, लाव ना बाहेरून, काही होत नाही. तिने मान हलवली. मग म्हणाली, "त्याला लिही. त्याला इचार, बाहेरशी लावलं तं चालंल क?"

मी दहादा सांगितलं चालतं म्हणून. पण तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

नंदा